फक्त लॉग बघण्यापुरतं

आधी आमच्याकडे उबुंटूच्या (लिनक्सच्या) मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांनाच पूर्ण सुडो होतं, म्हणजे 'रूट' या सर्वाधिकारी युजरच्या नावाने कुठलीही कमांड चालवायची मुभा. मग एका डेव्हलपरने कुठलीशी परवानगीची एरर घालवायला अख्ख्या 'यूएसआर' डिरेक्टरीवर सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारलं, तेही रिकर्सिव्ह, आतल्या प्रत्येक फाइलसकट. त्यात खुद्द सुडोच्या फाइलवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालवणारी खूण) उडाला आणि सुडोच चालेना. निस्तरायचं ज्याने, तेच मोडून बसला! मशीन नव्याने इन्स्टॉल केलं आणि त्याच आठवड्यात मी सगळ्यांना सुडो ग्रुपमधून काढलं.

आरडाओरडा झालाच. मग एकेकाची गरज विचारून व्हिसुडोने सुडोच्या नियमांच्या फाइलमध्ये नेमक्या कमांड लिहून दिल्या. टेस्टिंगच्या टीमला सिस्टिमचा लॉग वाचायला लागायचा, म्हणून त्यांना फक्त 'लेस' (फाइल पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) आणि फक्त 'सिसलॉग'ची फाइल. पूर्ण पाथ, वाइल्डकार्ड (कुठलंही नाव चालेल अशी खूण) नाही. नियम चोख बसलाय म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

चौथ्या दिवशी टेस्टिंगमधली एक जण म्हणाली, "सर, एक मिनिट येता का?" तिने माझ्यासमोर सुडो लावून लॉग उघडला. खाली दोन पानं सरकवली, मग उद्गारचिन्ह, 'एसएच' म्हणजे शेल (कमांड टाइप करायची जागा), एंटर. स्क्रीनवर एकटा हॅश. 'हूअॅमआय' (मी कोण?) टाइप केलं. उत्तर: रूट.

"मी काही केलं नाही हं," ती म्हणाली. "नुसतं मदतीचं पान वाचत होते."

लेसमधून शेल उघडता येतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्हीआय या एडिटरमधून तर रोज उघडतो. पण नियम लिहिताना डोक्यात होतं, 'वाचायचा तर प्रोग्राम आहे.' जागेवर येऊन ऑथ लॉग (सुडो कोणी वापरलं याच्या नोंदी) पाहिला. तिच्या नावावर एकच ओळ, सुडोने लेस चालवल्याची. त्या शेलमध्ये तिने पुढे काय केलं, त्याचा सुडोच्या नोंदींत मागमूस नाही. खरा घाम मला तेव्हा फुटला.

आधी नियमाला 'नोएक्झेक' लावलं, म्हणजे लेसमधून दुसरा प्रोग्राम सुरू करता येऊ नये. मग वाटलं, मुळात हिला सुडो हवंच कशाला? उबुंटूत 'एडीएम' नावाचा ग्रुप असतो, त्यात नाव घातलं की बरेचसे सिस्टिम लॉग साध्या युजरलाही वाचता येतात. टीमची नावं तिथे घातली, सुडोची ती ओळ खोडली. लॉगआउट करून परत लॉगिन केल्यावर तिने विनासुडो लेस चालवलं. फाइल उघडली. उद्गारचिन्ह मारून पाहिलं, तर या खेपेला रूटच्या हॅशऐवजी साध्या युजरचा डॉलर आला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. पण सर, डॉकर ग्रुपमध्ये कोणकोण आहे? तिथून होस्टची डिस्क कंटेनरमध्ये माउंट केली तरी रूटच की."

डॉकर म्हणजे कंटेनर नावाच्या बंद डब्यांत प्रोग्राम चालवायची सोय. मी त्या ग्रुपची नावं बघायला 'गेटएंट' चालवलं. अकरा नावं होती. सगळी मीच घातलेली.