आमची वाटचाल: केस पेपर कोणी उघडला?

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. पार कर्नाटकातूनही इथे पेशंट येतात. २०११ साली मी आणि माझ्या मावसभावाने इथे दोन कॉम्प्युटरवर धंदा मांडला: छोट्या हॉस्पिटलांचे केस पेपर, बिलं आणि लॅब रिपोर्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर. काउंटरवरची रांग हटली पाहिजे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्यासाठी सगळ्या स्टाफला मिळून एकच लॉगिन दिलं. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला असायची. ती आम्हीच चिकटवायचो.

२०१६ मध्ये एका हॉस्पिटलच्या मॅडमचा रात्री फोन आला. एका तरुण पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट त्याच्या गावात फुटला होता. त्याने बायकोला सांगायच्या आधीच तिला शेजारणीकडून कळलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "रिपोर्ट कोणी उघडला, ते सिस्टीममधून सांगता येईल का?" मी पहाटेपर्यंत डेटाबेस चाळत बसलो. रिपोर्ट उघडल्याची नोंदच होत नव्हती, आणि झाली असती तरी सगळ्यांचं नाव एकच निघालं असतं. त्या पोराची माफी मागायलाही आम्हाला तोंड नव्हतं. चूक आमची होती, आजही ती टोचते.

पुढचं दीड वर्ष नवीन काम घेतलं नाही. सॉफ्टवेअर मुळापासून पुन्हा लिहिलं. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. काउंटरवर नाव, अपॉइंटमेंट आणि बिल दिसतं, आजाराचं निदान दिसत नाही. सिस्टरना त्यांच्या वॉर्डातलेच पेशंट दिसतात. रात्री-अपरात्री इमर्जन्सीत मात्र दुसऱ्या डॉक्टरांचा पेशंट बघावाच लागतो, तिथे अडवणूक केली तर जीवावर बेतेल. म्हणून कागद लगेच उघडतो, पण कारण लिहावं लागतं आणि ती नोंद सकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे येते. नोंद पुसायची सोय आम्ही स्वतःलाही ठेवलेली नाही.

"एवढ्या गर्दीत कोण लॉगिन करत बसणार?" असं म्हणून दोन हॉस्पिटलं सोडून गेली. त्यांची अडचण खरी होती. बोटाच्या ठशावर लॉगिन आणलं, तेव्हा कुठे सिस्टर मंडळी राजी झाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि तिथलं काम कित्येक दिवस हाताने कागदावर चाललं. त्या आठवड्यात आमचे फोन थांबत नव्हते. बॅकअप आमच्याकडे सगळीकडे होता. पण एके ठिकाणी तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, तर फाइल अर्धीच! डिस्क कधीच भरून गेली होती. तेव्हापासून आमचा माणूस दर महिन्याला बॅकअप प्रत्यक्ष उघडून बघतो, आणि एक डिस्क मशीनपासून सोडवून कुलपात ठेवतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. डॉक्टर आता आधी त्याबद्दल विचारतात. मी त्यांना आधी २०१६ चा फोन सांगतो.

गेल्या महिन्यात त्याच मॅडमच्या हॉस्पिटलात एका बाळंतिणीने विचारलं, माझा केस पेपर कोणी कोणी बघितला? काउंटरवरच्या ताईंनी मॅडमची परवानगी घेऊन प्रिंट काढून दिली. पाच नावं होती. तिने एकेका नावावर बोट ठेवून विचारलं आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.