रात्री हळू आवाजात कीर्तन: माझा अनुभव

उन्हाळ्यात रात्रीच्या आवाजाचा प्रश्नच येत नाही. कूलरच्या घरघरीत लॅपटॉपचा आवाज मुरून जातो. दिवाळीनंतर कूलर माळ्यावर गेले की अडचण सुरू होते. आबाजींना सप्तखंजिरीचं कीर्तन ऐकल्याशिवाय झोप येत नाही, इयरफोन त्यांना सहन होत नाही. बाजूच्या खोलीत बाबा झोपलेले असतात. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीची लाइन आली की त्यांना वावरात जावं लागतं, त्याआधीची झोप मोडलेली मला पाहवत नाही.

नुसता आवाज कमी करणं सोपं आहे. कीबोर्डच्या बटणाने विंडोजचा आवाज दोन-दोनने सरकतो, त्यामुळे अगदी खाली आवाज नीट बेताचा ठेवता येत नाही. तो १० वर ठेवून व्हीएलसीची, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर मी कीर्तन लावतो त्याची, स्वतःची आवाजाची पट्टी खाली आणा, मग हवा तेवढा बारीक होतो.

पण खरी कटकट वेगळीच होती. महाराज गोष्ट रंगात आली की आवाज अगदी खाली आणतात. शब्द कळावा म्हणून वाढवलं, की तेवढ्यात साती खंजिऱ्या कडाडतात आणि आतून बाबा, "काहून रे, झोपू देतं का नाही?"

तालुक्याच्या दुकानात लॅपटॉप नेला. "आवाज कमी ठेवा ना भाऊ," दुकानदार म्हणाला. कमीच आहे, बोलणं आणि खंजिरी यांतला फरक जास्त आहे, असं सांगतोय तर त्याचं लक्ष मोबाइलात. स्पीकर बदलावे लागतील, ठेवून जा म्हणाला. पुन्हा गेलो तर मशीन उघडलंसुद्धा नव्हतं, आणि उत्तर तेच, आवाज कमी ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत माझा अख्खा दिवस गेला. अजूनही आठवलं की संताप होतो. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते आधी ऐकून तर घ्या! स्पीकर धडधाकट होते.

शेवटी मंडपात साउंड लावणाऱ्या आमच्याच गावच्या पोराने एका वाक्यात सांगितलं, "आमच्या मिक्सरवर कॉम्प्रेसर असते, तुह्या व्हीएलसीतबी असन, पाय." होतंच! टूल्समध्ये इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथे ऑडिओ इफेक्ट्स, त्यात कॉम्प्रेसर. एनेबलवर टिक करा, थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज दाबायचा ती हद्द) बराच खाली घ्या, रेशो (किती दाबायचा ते) वाढवा. मोठा आवाज दबतो. मेकअप गेनने सगळाच आवाज चढतो, म्हणून नंतर व्हीएलसीची पट्टी पुन्हा थोडी उतरवा. त्या रात्री आबाजींना शब्दन्‌शब्द कळला आणि बाबांची कूसही बदलली नाही. दुकानदाराला जमलं नाही ते घरी बसून झालं, याचा मला अभिमान आहे.

हो, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बुजून तापतो, पाटावर ठेवा. उजेड नको म्हणून झाकण लावायचं असेल तर आधी पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' निवडा, नाहीतर कीर्तनच थांबतं. आणि आपोआप बंद व्हायला हवा असेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून, इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, शटडाउन -एस -टी ३६०० लिहा. ३६०० सेकंद म्हणजे एक तास. आबाजी तोवर जागेच असले तर शटडाउन -ए लिहिलं की रद्द होतं.