फुल-रेंज ड्रायव्हर निवडताना आधी काय पाहावे

स्वतः बनवून घेतलेल्या स्पीकरच्या पेटीसाठी फुल-रेंज ड्रायव्हर (म्हणजे खालचे-वरचे सगळे स्वर एकट्यानेच वाजवणारा) निवडताना बहुतेकांची नजर आधी संवेदनशीलतेच्या, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो त्या, आकड्याकडे जाते. माझ्या मते आधी क्यूटीएस, म्हणजे ड्रायव्हरच्या शंकूची हालचाल किती आवरली जाते ते सांगणारा आकडा (तो जितका कमी तितका आवर जास्त), पाहायला हवा, कारण तो ड्रायव्हर कोणत्या प्रकारच्या पेटीत चांगला वाजेल याचा सर्वांत स्पष्ट अंदाज त्यावरून येतो.

फोस्टेक्स कंपनीचा १० सेंमीचा एफई१०३ईएन ८९ डेसिबलचा, तर २० सेंमीचा एफई२०६ईएन ९६ डेसिबलचा आहे. सात डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पाचपट कमी वॅट, आणि म्हणूनच छोटे, कमी वॅटचे व्हॉल्व्ह अँप्लिफायर वापरणाऱ्यांना दुसऱ्याचा मोह पडतो. मात्र त्याचा क्यूटीएस ०.२ च्याही खाली आहे. जोरदार चुंबक शंकूला इतका आवरून धरतो की साध्या बास-रिफ्लेक्स पेटीत (जिला हवेसाठी नळीसारखे भोक ठेवलेले असते) खालचे स्वर लवकरच क्षीण होतात, आणि ते परत मिळवायचे तर मागच्या बाजूने लांब हॉर्न, म्हणजे भोंग्यासारखा रुंदावत जाणारा मार्ग, काढावा लागतो, जे सुताराच्या दृष्टीने बरेच मोठे काम आहे. शिवाय पेटीचा दर्शनी भाग २५ सेंमी रुंद असेल, तर सुमारे ४६० हर्ट्झच्या खाली आवाज पेटीच्या मागेही पसरू लागतो आणि समोर तो सहा डेसिबलपर्यंत कमी होऊ शकतो. हा उतार कॉइल आणि रेझिस्टर लावून, म्हणजे वरचे स्वर तेवढेच दाबून, सावरला, की कागदावरच्या ९६ मधले बरेचसे डेसिबल त्यातच खर्च होतात. ०.३३ च्या आसपास क्यूटीएस असलेला एफई१०३ईएन मात्र लहान रिफ्लेक्स पेटीत सहज रुळतो. व्हिसाटॉनच्या बी२०० चा क्यूटीएस तर ०.७ च्या घरात आहे, म्हणून त्याला पेटीऐवजी मागून मोकळी असलेली उघडी फळी मानवते.

मोठ्या शंकूची दुसरी अडचण वरच्या पट्टीत येते. २० सेंमीच्या ड्रायव्हरचा आवाज साधारण २,००० हर्ट्झच्या वर एका झोतात एकवटू लागतो, त्यामुळे खुर्ची थोडी सरकवली तरी गायकाचा आवाज बदललेला वाटतो. मध्यभागी बसवलेला छोटा जादा शंकू वरचे स्वर वाढवतो खरा, पण बऱ्याचदा त्यांत एक धार आणतो, जी मला तासभर ऐकल्यावर टोचते. मार्क ऑडिओच्या अल्पेअर १० मध्ये एकच धातूचा शंकू आहे आणि तो पुढेमागे बराच जास्त हलू शकतो, म्हणून संवेदनशीलता कमी असूनही मला तो अधिक समतोल वाटतो.

माझे ऐकणे मुख्यतः ख्यालगायकीचे आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते, तेव्हा ३० हर्ट्झपर्यंत उतरणारा स्पीकर मला लागत नाही. उलट तानपुऱ्याच्या घोडीवरच्या जवारीतून उमटणारी स्वरांची साखळी कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जाते, आणि दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे आवाज सोपवण्याची जागा, बहुधा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे याच साखळीच्या मध्यावर बसवलेला असतो. ती एकाच शंकूतून सलग ऐकण्यासाठी मी शेवटच्या सप्तकाची चमक आनंदाने सोडून देतो.

पेटी १८ मिमी प्लायवूडची करून घेणार असाल, तर ड्रायव्हरच्या भोकाची आतली कड तिरकी तासून घ्यायला सुताराला आवर्जून सांगावे. १० सेंमीच्या ड्रायव्हरमागे एवढी जाड फळी सरळ कापलेली राहिली, तर मागचा आवाज त्या बोळातच अडतो आणि मधले स्वर घुसमटतात.