डिटेक्टिव्ह निघतो रुबाबात आणि नाक आपटून घेतो

निक डेंजर नावाचा एक खाजगी गुप्तहेर आहे, लॉस एंजेलिसचा, आणि तो ज्या रेडिओ सिरीयलमधला आहे ती सिरीयल कधी झालीच नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही युट्यूबवर मूळचे एपिसोड शोधत बसाल. 'फायरसाइन थिएटर' म्हणून अमेरिकेतल्या चौघा विनोदी कलाकारांचा एक ग्रुप होता, फिल ऑस्टिन, पीटर बर्गमन, डेव्हिड ऑसमन आणि फिलिप प्रॉक्टर. त्यांनी 1969 ला कोलंबिया कंपनीसाठी जी एलपी, म्हणजे दोन बाजूंची मोठी रेकॉर्ड, केली तिची अख्खी दुसरी बाजू म्हणजे हा निक डेंजर, अर्ध्या तासाच्या आसपास. अल्बमचं नाव एवढं लांब आहे की ते इथं लिहायलाच घेत नाही.

सुरुवातच ऐका. निवेदक भरदार आवाजात सांगतोय की हा बघा, परत एकदा रात्रीचा बाहेर पडला, धुक्यातनं निघाला आणि धुरक्यात शिरला. ह्या चौकात डावीकडं वळतो, त्या चौकात उजवीकडं वळतो, आणि नीट ऐकलं तर कळतं की दोन्ही चौक एकच आहेत, नुसती रस्त्यांची नावं उलटसुलट करून सांगितल्यात. मग तो एका मोठ्या दगडी इमारतीत जातो म्हणेपर्यंत हिरो कळवळतो, कारण गडी दारातनं नाही तर सरळ भिंतीवरच गेलाय आणि नाक आपटलंय. पुढं जिना, ऑफिस, हा संकटाला तयार, थराराला तयार, कशालाही तयार, फोन वाजतो, आणि पलीकडनं कुणीतरी पिझ्झाची ऑर्डर देतंय.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निम्मं डोक्यावरनं गेलं. इंग्रजी फास्ट, त्यात अमेरिकेतले संदर्भ, बीटल्सच्या गाण्यांचे तुकडे मध्येच पेरलेले. तरी हसू येत होतं, आणि का येतंय ते शोधायच्या नादात मी बाकीच्या रेकॉर्ड्स ऐकत सुटलो. आता माझं मत असं झालंय की ह्या लोकांनी गुप्तहेराची टिंगल केलीच नाही, त्यांनी रेडिओची केलीये. रेडिओला डोळे नाहीत ही त्याची अडचण, म्हणून प्रत्येक गोष्ट कुणीतरी तोंडानं बोलून दाखवायला लागते. आणि एकदा का ऐकणाऱ्याला सगळं तोंडीच सांगायचं ठरलं की त्याला गंडवायची पण सोय झाली.

जुन्या सिरीयली ऐकल्या की हे लगेच ध्यानात येतं. 'मिस्टर कीन' म्हणून एक होती, हरवलेली माणसं शोधून काढणाऱ्याची, 1937 पासून 1955 पर्यंत चालली. त्यात माणसं एकमेकांशी असं बोलतात की बाबा तू आता हातातलं पिस्तूल माझ्यावर रोखलंयस. अरे ज्याच्या हातात आहे त्याला माहीत आहे की! पण आपल्याला माहीत नसतं ना, म्हणून त्याला सांगायचं. बॉब आणि रे ह्या रेडिओवरच्या विनोदी जोडीनं ह्याचं विडंबन केलं, त्यांचा गुप्तहेर म्हणजे मिस्टर ट्रेस, आणि त्यांनी फार काही केलंच नाही, तेच बोलणं अजून जरा लांबवलं, तेवढ्याच थंड आवाजात. आवाज चढवायचा नाही, आपण विनोद करतोय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आपल्याकडं विडंबन म्हटलं की पहिल्या वाक्यापासनं चिरका आवाज काढायची जी सवय आहे ती मला सहन होत नाही, ते एक राहू दे.

ह्या सगळ्यात चतुर माणूस म्हणजे विडंबनाच्या रेकॉर्ड्स काढणारा स्टॅन फ्रीबर्ग. 1949 ला 'ड्रॅगनेट' रेडिओवर सुरू झाली, पोलिसी सिरीयल, जॅक वेब त्यातला सार्जंट जो फ्रायडे, एकदम सपाट आवाज, जणू हजेरी घेतोय. सुरुवातीला सांगायचे की ही गोष्ट खरी आहे, निरपराध लोकांच्या बचावासाठी फक्त नावं बदलली आहेत. फ्रीबर्गनं 1953 ला रेकॉर्ड काढली, त्यात सेंट जॉर्ज हा सरदार म्हणजे पोलीस आणि ड्रॅगन म्हणजे आरोपी, आणि सुरुवातीला घोषणा की रेकॉर्डच्या बचावासाठी फक्त सुई बदलावी! ड्रॅगनवर गुन्हा काय, तर सीझन नसताना कुमारिका खाल्ल्या. वर अजून एक कलम, ओव्हरॲक्टिंग. म्युझिक मूळ सिरीयलच्याच वाद्यवृंदाचं. रेकॉर्ड अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर गेली.

आणि खरी गंमत पुढं आहे. 'जस्ट द फॅक्ट्स, मॅम' हे वाक्य ऐकलंच असेल तुम्ही, ते ह्या फ्रायडेचं म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पण जॅक वेब तसं म्हणतच नव्हता. त्याची वाक्यं थोडी वेगळी असायची, फ्रीबर्गच्या रेकॉर्डनं ती फिरवली आणि तिथनं फिरत फिरत ती ह्या घाटात लोकांच्या तोंडी बसली असं म्हणतात. म्हणजे नक्कल इतकी चिकटली की लोक आता मुळाला नकलेवरनं ओळखतात. निक डेंजरमधल्या खलनायकाचं पण तसंच, रॉकी रोकोको नाव त्याचं, आवाज जुन्या सिनेमातल्या पीटर लॉरेसारखा गुळचट आणि भीतीदायक, तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात त्या नावानं पिझ्झाची दुकानं निघाली. खलनायकाच्या नावानं हॉटेल काढायचं धाडस आपल्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडला कोण करेल सांगता येत नाही, पण चालेल असं वाटतं.

फायरसाइनवाल्यांचं टायमिंग बघा. 30 सप्टेंबर 1962 ला सीबीएस ह्या रेडिओ कंपनीनं शेवटच्या दोन सिरीयली, त्यातली एक जॉनी डॉलरची डिटेक्टिव्हवाली, बंद केल्या आणि अमेरिकेतला रेडिओ-नाटकांचा जमाना तिथं संपला असं धरतात. हे चौघे 1936 ते 1941 च्या दरम्यान जन्मलेले, म्हणजे पोरवयात रेडिओला कान लावून बसलेली पिढी. तो जमाना संपल्यावर सात वर्षांनी त्यांनी तेच सगळं, ऑर्गन, दारं, पावलं, मध्येच तातडीची बातमी, एलपीवर परत उभं केलं आणि वर एलपीचीच फिरकी घेतली. एका जागी निक थबकतो, अरे हे वाक्य मी रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बोललो होतो का? थांबा बघून येतो. मग उलटा फिरल्यासारखा आवाज, आणि रिपोर्ट येतो की काही काळजी नाही, तिकडं चिनी बोलतायत. आणि शेवट तर काय, कथा ऐन रंगात असताना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट कार्यक्रम तोडतात, पर्ल हार्बरवर हल्ला झालाय, आणि जाहीर करतात की आपण जपानला शरण जातोय. 1969 ला, व्हिएतनाम चालू असताना. हसायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

आमच्या पिढीला हे कळायला एक सोय होती, इन्स्पेक्टर ईगल. विविध भारतीवरची प्रायोजित मालिका, थर्मास बनवणाऱ्या ईगल कंपनीची, म्हणून इन्स्पेक्टरचं नाव पण ईगल! आता विचार केला की वाटतं ह्याचं विडंबन करायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं त्यांनी. पण तेव्हा आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आम्ही सगळी भावंडं श्वास रोखून ऐकायचो, वडील 'आवाज कमी करा रे' म्हणायचे आणि स्वतः पेपर बाजूला ठेवायचे. हवामहल पण असायचं, त्यातली नाटुकली तशी साधी, पण दार उघडलं म्हणजे घर दिसायचं, कपबशी वाजली म्हणजे बैठकीची खोली दिसायची.

आता हे सगळं आठवायचं कारण. आमच्या मंडळाचा सजीव देखावा असतो गणपतीला, त्याची संहिता बरीच वर्षं मी लिहितो. बाहेरगावच्यांना सांगतो, ह्यात संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड करतात, म्युझिक, निवेदन सगळं एका ट्रॅकवर, आणि स्टेजवर गल्लीतली पोरं नुसती ओठ हलवतात. म्हणजे निम्मं रेडिओ-नाटकच की. तर मी ह्या वर्षी लिहिला 'डिटेक्टिव्ह दत्तू'. रात्रीचे दोन, गंगावेशीत चिटपाखरू नाही, निवेदक खर्जात सांगतोय की दत्तू मांजराच्या पावलांनी संशयिताचा पाठलाग करतोय, आणि खाली आवाज चालू, कर्र कर्र, कर्र कर्र, कारण दत्तूच्या पायात कोरी वाजणारी कोल्हापुरी चप्पल. संशयित थांबतो, कर्र कर्र थांबतं. संशयित चालतो, कर्र कर्र चालू. निवेदक बिचारा दरवेळी जास्त जोरात सांगतोय की कुणाला चाहूलसुद्धा लागली नाही. शेवटी संशयितच मागं वळून म्हणतो, "मालक, तेल लावा की जरा चपलेला."

रेकॉर्डिंगला गेलो तर खऱ्या चपलेचा आवाज माईकवर चपलेचा वाटेचना. काहीतरी फाटतंय असं वाटत होतं. रेकॉर्डिंगवाला पोरगा हुशार, त्यानं कमरेचा जुना चामडी पट्टा काढला, दुमडला आणि माईकजवळ पिळला. अगदी ऐटीत निघालेली चप्पल! जुन्या अमेरिकन रेडिओत पण हेच, आग दाखवायची तर सेलोफेन चुरगाळायचा, बर्फातली पावलं म्हणजे चामडी पिशवीत कॉर्नस्टार्च भरून दाबायची. खरी वस्तू खरी वाटत नाही आणि खोटी खरी वाटते, ह्या धंद्यातला हा नियमच आहे.

अध्यक्षांना गाडीत ट्रॅक ऐकवला. चपलेला एवढे हसले की गाडी दसरा चौकात बाजूला घ्यायला लागली. आणि हसून झाल्यावर म्हणाले, "लय भारी झालंय दादा, पण स्टेजवर दावायचं काय? लोकं बघायला येत्यात, ऐकायला न्हाई."

म्हटलं स्टेजवर अंधार ठेवा. माझ्याकडं असं बघितलं जणू मी गणपतीच बसवू नका म्हटलोय. पण मी खरंच सांगत होतो. पोरगं स्टेजवर चप्पल घालून चालताना दिसलं की आवाज कुठनं येतोय ते पहिल्याच सेकंदाला कळलं, मग निवेदक खोटं बोलतोय का खरं हा प्रश्नच राहत नाही. ऐकताना आपण आधी निवेदकावर विश्वास ठेवतो, मग कानावर, मग दोघांच्या भांडणात सापडतो, हसू तिथं आहे. अमेरिकेत गॅरिसन कीलर त्याच्या रेडिओ शोमध्ये गाय नॉयर नावाचा असलाच गुप्तहेर करायचा, समोर पब्लिक बसवून, आणि मला तो थोडा कमी आवडतो त्याचं कारण पण हेच असावं, तिथलं पब्लिक आवाज काढणाऱ्या माणसाची धडपड बघून हसतंय आणि मी इकडं कोल्हापुरात बसून विचारतोय की काय झालं काय नक्की.

बैठकीत बरीच चर्चा झाली. एकजण म्हणाला स्क्रीनवर कार्टून लावू, एकजण म्हणाला दत्तूला मोठी टोपी आणि भिंग देऊ. खजिनदारांनी विचारलं की अंधारच ठेवायचा असेल तर लाईटवाल्याचं ॲडव्हान्स परत मिळतंय का. प्रश्न चुकीचा नव्हता.

ठरलं असं की यंदा पण पावनखिंड. दत्तूचा ट्रॅक पोरांनी व्हॉट्सॲपवर सोडलाय, परवा राजारामपुरीत रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याच्या मोबाईलवर कर्र कर्र चालू होतं, मी काही बोललो नाही. पावनखिंडीची संहिता मीच लिहितोय, घोड्यांच्या टापा पण माझ्याकडंच आल्यात, आणि त्यासाठी घरी नारळाच्या करवंट्या टाकू नका म्हणून सांगून ठेवलंय.