जांभळ्या झाकणाची नळी आणि अप्पांचं पोटॅशियम

आज दुपारी लॅबचा सुधारित रिपोर्ट आला. अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हर्नियाचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. जखम सुकली, ठाण्यात नौपाड्यातल्या घरापासून तलावपाळीपर्यंत ते रोज चालत जाऊन येतात, आणि ज्या कागदावाचून ऑपरेशन अडलं होतं तो कागद आज आला. रक्त दिल्या दिवसापासून मोजले तर २३ दिवस. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते.

अप्पा ७१ वर्षांचे. बीपीसाठी रोज सकाळी टेल्मिसार्टन ४०, बाकी काही नाही. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. फिटनेससाठी छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि रक्त सांगितलं होतं. एक्स-रे, ईसीजी एका सकाळी उरकले. रक्त घ्यायला लॅबचा मुलगा मंगळवारी पावणेसातला घरी आला. वय फार तर बावीस, पाठीवर थंड पेटी, पुढे अजून बरीच घरं. अप्पांची शीर सापडेना. दोनदा टोचल्यावर रक्त आलं, तेही हळूहळू. त्याने सिरिंजमधून आधी जांभळ्या झाकणाची नळी भरली, मग राखाडी, आणि पिवळ्या झाकणाच्या नळीला रक्त कमी पडलं. तेव्हा त्याने जांभळ्या नळीचं झाकण उघडून त्यातलं थोडं रक्त पिवळ्या नळीत ओतलं, दोन्ही झाकणं लावली, लेबलं चिकटवली आणि निघाला. मी समोर चहाचा कप घेऊन उभी होते. पाहिलं सगळं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आला. माझ्या नवऱ्याने तो उघडायच्या आधीच हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कला पाठवून दिला, कारण ते दुपारपासून मागत होते. हे करू नका. आधी स्वतः वाचा, मग पुढे पाठवा. आमचे पुढचे सगळे हाल त्या एका फॉरवर्डमुळे झाले.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.८ होतं. ठळक अक्षरांत, बाजूला वर जाणारा बाण. सामान्य मर्यादा ३.५ ते ५.१. लॅबमधून फोन नाही, काही नाही. इतकं पोटॅशियम खरोखर असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जिवावर बेतू शकतं. असा आकडा आला की लॅबने तातडीने डॉक्टरांना किंवा घरच्यांना फोन करायचा असतो, तो याचसाठी. आम्हाला मात्र नुसता पीडीएफ. अप्पा तेव्हा जेवून टीव्हीवर बातम्या बघत होते.

साडेदहाला आम्ही घराजवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होतो. तिथल्या ड्युटी डॉक्टरांचे आभार मानावे तेवढे थोडे. त्यांनी आधी ईसीजी काढला. पोटॅशियम वाढलं की ईसीजीतली टी वेव्ह उंच, टोकदार होते, तशी ती नव्हती. पण ईसीजी चांगला आहे म्हणून पोटॅशियम नक्की चांगलं असं धरता येत नाही, म्हणून त्यांनी अप्पांना मॉनिटरवर ठेवलं आणि ताजं रक्त पाठवलं. मग पोटॅशियम कशाने वाढलं असेल ते शोधणारे प्रश्न. किडनीचा त्रास आहे का, लघवी नीट होते का, स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू आहे का, कमी सोडियमचं मीठ वापरता का? त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, हे मला तेव्हा समजलं. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत ती गोळी थांबवायला सांगितली. इन्सुलिन आणि ग्लुकोज मात्र त्यांनी लगेच लावलं नाही. ते म्हणाले, "याने पोटॅशियम पेशींत ढकललं जातं. मुळात ते नॉर्मल असेल तर उगाच खाली जाईल. ईसीजी स्वच्छ आहे, थोडं थांबू." पाऊण वाजता रिपोर्ट आला, ४.४. मी अप्पांचा हात धरला तर तेच मला म्हणाले, "अगं, घाबरलीस किती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खारकर आळीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोन्ही रिपोर्ट आणि जुनी फाइल घेऊन गेले. जुने रिपोर्ट टाकून देऊ नका. तीन महिन्यांपूर्वीचं पोटॅशियम ४.३ होतं, हे दाखवता आलं. डॉक्टरांनी पोटॅशियमवर नजर टाकली आणि बोट खाली सरकवत कॅल्शियमवर आणलं. ५.४. सामान्य साधारण ८.५ ते १०.५. त्याखाली अल्कलाइन फॉस्फटेज, रक्तातलं एक एन्झाइम, २४, तेही मर्यादेच्या खाली. आम्ही सगळे ६.८ च्या धसक्यात होतो, हे दोन आकडे कुणी वाचलेच नव्हते.

"कॅल्शियम खरंच इतकं खाली असतं तर अप्पांच्या बोटांना मुंग्या आल्या असत्या, पेटके आले असते. पोटॅशियम वर आणि ही दोन्ही खाली, असं एकदम दिसलं की मी आधी नळीचा विचार करतो," ते म्हणाले. "रक्त घेताना जांभळी नळी आधी भरली होती का?"

तेव्हा मला ते ओतणं आठवलं.

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं, रक्त गोठू न देणारं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून त्या नळीतलं रक्त पातळ राहतं आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नीट करता येतो. पोटॅशियम, कॅल्शियम मोजतात ते पिवळ्या नळीतून. जांभळ्या नळीतल्या रक्ताचे काही थेंब तिच्यात गेले की ईडीटीएबरोबरचं पोटॅशियमही जातं आणि आकडा चढतो, कॅल्शियम पकडलं गेल्यामुळे उतरतं. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए ओढून घेतं, म्हणून तेही खाली. तिन्ही आकड्यांचा अर्थ एका ओतण्यात होता. अप्पांचा सीबीसी मात्र बरोबर होता, तो त्याच जांभळ्या नळीचा असतो.

गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन होतं तिथे बुधवारीच तिसऱ्यांदा रक्त घेतलं, ४.३. भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिला. मला वाटलं, संपलं.

गुरुवारी सकाळी मेडिक्लेम डेस्कवरून फोन आला. विमा कंपनीने क्वेरी काढली होती. पोटॅशियम ६.८ चं कारण काय, किडनीचा जुना आजार आहे का, नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या तज्ज्ञाचं, मत जोडा. तो फॉरवर्ड केलेला पीडीएफ कागदपत्रांत गेला होता. शुक्रवारची तारीख रद्द झाली. सर्जन म्हणाले, मी पत्र देतो, पण पहिला रिपोर्ट चुकीचा आहे हे ज्यांनी तो दिला त्यांनीच लिहून दिलं तर प्रश्नच मिटेल.

म्हणून मी पाचपाखाडीतल्या लॅबच्या काउंटरवर गेले. टोकन घेतलं, चाळीस मिनिटं थांबले. काचेमागची मुलगी वाईट नव्हती. तिने रिपोर्ट पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, फ्री रिपीट करून देते. उद्या माणूस घरी येईल."

हे शब्द ऐकले की सावध व्हा. फुकट मिळतंय म्हणून आपण हो म्हणून टाकतो. पण पुन्हा रक्त घेतलं की नव्या तारखेचा नवा रिपोर्ट निघतो, जुना जसाच्या तसा राहतो. म्हणजे कागदावर असं दिसतं की मंगळवारी पोटॅशियम ६.८ होतं आणि शुक्रवारी ४.३ झालं. पेशंट बरा झाला, रिपोर्ट चुकला नाही! मला पहिला रिपोर्ट रद्द करून हवा होता. मी तेच सांगितलं.

"रिपोर्ट ऑथराइज झालाय, मॅडम. आता सिस्टीममध्ये काही बदलता येत नाही."

"मग कुणाला बदलता येतो?"

"मेन लॅबला मेल करावा लागेल." मुख्य लॅब खाडीपलीकडे नवी मुंबईत. ठाण्यातल्या या सेंटरवर नमुने फक्त गोळा होतात.

"करा मेल."

"मेल कस्टमर केअरला करायचा असतो. तो तुम्हीच करा."

केला, तिथेच उभी राहून. शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही, पुन्हा गेले. या वेळी सेंटरचा मॅनेजर भेटला. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, "सॅम्पल हिमोलाइज्ड नव्हतं. असतं तर मशीनने रिमार्क टाकला असता. म्हणजे रिझल्ट करेक्ट आहे."

इथे मी अडकले असते, पण आमच्या डॉक्टरांनी मला तयार करून पाठवलं होतं. रक्तपेशी फुटल्या की त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं, त्याला हिमोलिसिस म्हणतात. तेव्हा सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, लालसर दिसतं आणि मशीन ते ओळखतं. ईडीटीए मिसळल्याने सीरमचा रंग बदलत नाही, त्यामुळे तो रिमार्क येतच नाही. "मी हिमोलिसिस म्हणतच नाहीये," मी म्हटलं. "पोटॅशियमच्या खालचं कॅल्शियम वाचा. त्याखालचं अल्कलाइन फॉस्फटेज वाचा. आणि मला सांगा, ५.४ कॅल्शियमचा माणूस तलावपाळीला फेऱ्या मारेल का?" त्याने वाचलं. थोडा वेळ बोलला नाही. मग विचारलं, "रक्त घ्यायला आलेल्या मुलाची कंप्लेंट करायची आहे का?"

मला ती करायची नव्हती. त्याला बळी देऊन मोकळं व्हायची ती सोय होती. नऊच्या आत इतकी घरं, म्हाताऱ्यांच्या शिरा, नळ्यांचा क्रम कुणी नीट शिकवलेला नाही. त्याचं नाव मी शेवटपर्यंत घेतलं नाही. चूक हाताने झाली, पण ६.८ आणि ५.४ एका कागदावर बघून त्याखाली सही करणारं कुणीतरी होतं, आणि फोन न करणारंही कुणीतरी होतं. मॅनेजर म्हणाला, सोमवारी कळवतो. सोमवारी त्याने फोन उचलला नाही.

त्या रात्री मी रिपोर्टचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, लोगो होता, खाली पॅथॉलॉजिस्टचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक. एनएबीएलची मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर दिली जाते. त्यात तक्रारींची नोंद ठेवणं, चुकलेला रिपोर्ट दुरुस्त करून त्यावर 'सुधारित' असं स्पष्ट लिहिणं, धोकादायक आकडा लगेच कळवणं, हे सगळं येतं. म्हणजे मी मेहेरबानी मागत नव्हते. मी नवा मेल लिहिला, थेट सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नावाने. चार ओळी. नमुना क्रमांक, तीन आकडे, त्याच रात्रीचा दुसऱ्या ठिकाणचा ४.४ चा रिपोर्ट जोडला, आणि शेवटी लिहिलं की बुधवारपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर एनएबीएलकडे तक्रार करीन. रागाचा एक शब्दही घातला नाही, तीनदा खोडून काढला.

बुधवारी सकाळी त्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतःहून फोन आला. दोन मिनिटांत त्यांनी मान्य केलं. "ईडीटीए कंटॅमिनेशनच आहे. आमच्याकडून पकडलं जायला हवं होतं. सॉरी." आठ दिवसांत पहिल्यांदा त्या लॅबमधलं कुणीतरी आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचत होतं. फोन ठेवला आणि मला रडू आलं. गुरुवारी मेलवर चार ओळींचं पत्र आलं, ते सर्जनच्या पत्राला जोडलं, शनिवारी मंजुरी आली, सोमवारी ऑपरेशन. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं छान झालं. रीतसर सुधारित रिपोर्टला मात्र आजचा दिवस उजाडला.

राहिलेल्या दोन गोष्टी. घरी रक्त घेतात तेव्हा नळ्यांकडे बघा. पिवळी किंवा लाल आधी, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. निळी असेल तर ती या सगळ्यांच्या आधी. आणि कुठल्याही नळीतलं रक्त दुसरीत जाता कामा नये. कमी पडलं तर "दादा, पुन्हा टोचा, चालेल" असं म्हणा. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमध्ये अप्पांचं रक्त घेतलं तेव्हा मी तशीच उभी होते, आणि सिस्टरने माझ्याकडे पाहून हसत पिवळी नळी आधी लावली.

दुसरं, रिपोर्ट चुकीचाच असणार असं घरी बसून ठरवू नका. आमचा चुकीचा निघाला, पण मंगळवारी रात्री ते कुणालाच माहीत नव्हतं. पोटॅशियम साडेसहाच्या आसपास दिसलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा, वाद सकाळी घाला.

सुधारित रिपोर्टवर पोटॅशियम, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेजसमोर आता आकडे नाहीत, 'नमुना अयोग्य' असं लिहिलंय. अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि संध्याकाळी शहाळं आणायला सांगितलं. लॅबच्या ॲपमध्ये पोटॅशियमचा आलेख असतो, त्यात तो ६.८ चा ठिपका अजून तसाच आहे. उद्या सकाळी त्यासाठी फोन करणार आहे.