खाऱ्या हवेतले होल्स्टर : देवगडची पुढची नोंद

स्वसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या कानपूर बनावटीच्या .३२ रिव्हॉल्व्हरसाठी किनारपट्टीवर बारमाही टिकेल असे होल्स्टर (शस्त्र अंगावर बाळगण्याचे आवरण) निवडण्याचे माझे काम आता बरेचसे मार्गी लागले आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी असे शस्त्र होल्स्टरमध्ये वा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. म्हणजे ते दिसू न देणे ही कायद्याचीच अट आहे.

चामड्याचे होल्स्टर अंगाला सर्वांत सुखकर वाटते, परंतु आपल्याकडच्या हवेत ते घाम आणि खार दोन्ही धरून ठेवते. पावसाळ्यात त्याच्या शिवणीवर पांढरी बुरशी चढते, नळीच्या निळसर मुलाम्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि चामडी पट्ट्यातल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर धरतो, जो नखाने खरवडला तरी पुरता निघत नाही. म्हणून चामड्यात शस्त्र रात्रभर ठेवू नये, हा जुना नियम कोकणात तरी तंतोतंत पाळावा. कायडेक्स हे कडक प्लास्टिक घाम शोषत नाही आणि साध्या पाण्याने धुता येते. मात्र जांभ्याची बारीक धूळ आत शिरली की सिलिंडरच्या (काडतुसे भरायच्या फिरत्या भागाच्या) कडांवरचा मुलामा घासला जातो, त्यामुळे ते दर आठवड्याला पुसून काढावे लागते. एवढा त्रास मी पत्करला आहे. ट्रिगर पूर्ण झाकला जातो का आणि होल्स्टर उलटे धरले तरी शस्त्र जागचे हलत नाही ना, या दोन कसोट्या मी रिव्हॉल्व्हर रिकामे करून, सिलिंडर दोनदा तपासून घेतल्या. त्यांत न उतरणारे होल्स्टर कितीही देखणे असले तरी कामाचे नाही.

रिव्हॉल्व्हरचा सर्वांत रुंद भाग म्हणजे सिलिंडर, आणि शर्टाखाली उठून दिसतो तोही तोच. होल्स्टर विजारीच्या आत, उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे आणि मूठ थोडी पुढे कललेली, अशी जागा मला मानवली. त्यासाठी विजार कमरेत दोन इंच सैल शिवून घेतली आणि सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीचा दुहेरी चामड्याचा ताठ पट्टा घेतला. पट्टा लेचापेचा असेल तर महागडे होल्स्टरही मुठीच्या वजनाने बाहेर कलते.

कपड्यांत सरळ कडेचा, न खोचता घालायचा सुती बुशशर्ट सर्वांत सरस ठरला. बारीक चौकड्यांत उठाव लपतो, तर पांढरा एकरंगी टेरिकॉट घामाने अंगाला चिकटला की सगळे उघड करतो. (आमच्या दर्जीमामांनी लांबी वाढवण्याचे कारण विचारले नाही, हे त्यांचे उपकारच.) काजूचे पोते पाहायला कमरेत वाकले की मागची कड वर सरकते, त्यामुळे गुडघ्यांत बसून पाहण्याची सवय लावली आहे. स्कूटरवर मात्र वाऱ्याने तीच कड उडते, आणि त्यावर शर्टाच्या कडेत दुमड घालून वजन देण्याचा प्रयोग सध्या चालू आहे. रेनकोटखाली घाम अधिकच येतो, म्हणून होल्स्टर आणि अंग यांच्यामध्ये सुती बनियन हवेच. या सगळ्याची पुढची परीक्षा मृगाच्या सरी सुरू झाल्यावर होईल.