दाढदुखीच्या गोळीनंतरचा दमा

चाळिशीतल्या बाई कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा एका दमात दोन शब्दही पुरे होत नव्हते. नाकातून पाणी, डोळे लाल, चेहरा तांबडा, छातीत दोन्हीकडे शिट्ट्या, ऑक्सिजन ८६ टक्के. तासाभरापूर्वी दाढ दुखतेय म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी घेतली होती. पट्टी नवऱ्याच्या खिशातच होती: अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ.

ऑक्सिजन, मांडीत अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिग्रॅ, दर २० मिनिटांनी साल्ब्युटामॉल-इप्राट्रोपियमची वाफ. नवऱ्याला तीनच प्रश्न विचारले. वास येतो का? कित्येक वर्षं नाही. नाकाचं ऑपरेशन? दोनदा, पॉलिप (नाकातले मऊ कोंब) पुन्हा वाढले. दमा कधीपासून? पस्तिशीनंतर. तिन्ही उत्तरं अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी उसळणाऱ्या दम्याशी जुळली, म्हणून स्टेरॉइडसाठी हायड्रोकॉर्टिसोन न घेता डेक्सामेथासोन मागवलं. या आजारात काहींना सक्सिनेट स्वरूपातलं स्टेरॉइड शिरेतून झटकन दिलं, तर दमा आणखी उसळतो. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन सहसा सक्सिनेट स्वरूपात येतं, डेक्सामेथासोनचं फॉस्फेट स्वरूपात.

श्वास बसल्यावर बाई म्हणाल्या, "पण डॉक्टर, पूर्वी हीच गोळी घेतली होती, काही झालं नव्हतं." खरंच असणार. हा आजार मोठेपणीच जडतो, आणि ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हेच. नेहमीची अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या आयजीई अँटिबॉडीचा इथे संबंध नसतो, त्यामुळे त्वचेवरच्या चाचणीत काही सापडत नाही.

खरी भानगड मेदरेणूंची. पेशीच्या आवरणातून फॉस्फोलायपेज ए२ हे एन्झाइम अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटं करतं. २० कार्बनच्या या रेणूपासून कॉक्स एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन बनवतात, तर ५-लायपॉक्सिजनेज ल्युकोट्राइन. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे दुखणं आणि सूज, एवढंच आपण धरून चालतो. पण श्वासनलिकेत प्रोस्टाग्लँडिन ई२ हा ल्युकोट्राइनवरचा ब्रेक असतो. या रुग्णांत तो आधीच ढिला. कॉक्स-१ अडवणारी गोळी पोटात गेली की उरलासुरलाही सुटतो. मग मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या प्रतिकारशक्तीच्या पेशी ल्युकोट्राइन सी४ सोडतात, त्याचं डी४ होतं, नळ्या आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ भरतो. हिस्टमिनपेक्षा ल्युकोट्राइनची ताकद कितीतरी जास्त, म्हणून हिस्टमिन अडवणाऱ्या नुसत्या अ‍ॅव्हिलच्या इंजेक्शनवर हा झटका आवरत नाही. सॅम्टर आणि बीअर्स यांनी १९६८ मध्ये पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिनची ही सांगड मांडली; अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, तेव्हा कुठे तिचं कोडं सुटू लागलं.

घरी सोडताना रात्रीची मॉन्टेल्युकास्ट १० मिग्रॅ सुरू केली. ती ल्युकोट्राइन बनणं थांबवत नाही, फक्त त्यांचा रिसेप्टर अडवते. म्हणून स्टेरॉइडचा पंप सोडायचा नाही, हे दोघांनाही बजावलं. केसपेपरवर लाल शाईत लिहिलं: अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड बंद. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिग्रॅच. सेलेकॉक्सिब मुख्यतः कॉक्स-२ वर चालते, बहुतेकांना सोसते, पण पहिला डोस दवाखान्यात बसूनच. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात ते केटोरोलॅकचे थेंबही याच यादीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना हा कागद आधी दाखवायचा.